विषम मात्रांचे संगीत आणि बालश्रोता

प्रौढांनी प्रौढांसाठी निर्माण केलेली एखादी कलाकृती मुलांना भावू शकते काय, हा प्रश्न साहित्याच्या संदर्भात आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. संगीताच्या संदर्भात तो क्वचितच विचारला जातो, आणि विचारला गेला तरी त्याचे उत्तर बहुधा गृहीत धरलेले असते. ख्याल मुलांना कळत नाही. म्हणून मुलांना बालगीते द्यावीत. हेच गृहीतक पाश्चात्त्य संगीतातील 'प्रोग्रेसिव्ह रॉक' ह्या प्रकाराविषयीही आढळते. १९६९ ते १९७५ ह्या काळात इंग्लंडमध्ये बहरास आलेले हे संगीत मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे त्याचे चाहते अभिमानाने आणि त्याचे निंदक तुच्छतेने सांगतात. दोन्ही पक्षांचे एकमत व्हावे असा हा दुर्मिळ विषय असल्याने तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम नावाविषयी. येथील 'प्रोग्रेसिव्ह' हे विशेषण 'पुरोगामी' ह्या आपल्याकडील राजकीय अर्थाचे नव्हे. रॉक संगीताच्या तीन-चार मिनिटांच्या, चार मात्रांच्या ठरीव चौकटीतून बाहेर पडून दीर्घ, अनेकखंडी, विषम मात्रांची रचना करू पाहणारे संगीत, एवढाच त्याचा आशय. 'येस' ह्या वाद्यवृंदाची 'क्लोज टू द एज' (१९७२) ही रचना अठरा मिनिटांहून अधिक चालते; 'जेनेसिस'ची 'सपर्स रेडी' (१९७२) सात खंडांची असून तेवीस मिनिटांच्या आसपास भरते; 'जेथ्रो टल'ने तर 'थिक अॅज अ ब्रिक' (१९७२) ह्या नावाची संपूर्ण तबकडीच एका सलग रचनेला वाहिली. ही शेवटची रचना आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाच्या कवितेवर आधारलेली आहे, असा बहाणा त्या तबकडीच्या वेष्टनावर केलेला होता. मुलाला कवी म्हणून कल्पिण्यास जे संगीत तयार होते, त्याला मूल श्रोता म्हणून मात्र चालू नये, ही विसंगती लक्षणीय आहे.

ह्या संगीताचे 'प्रौढत्व' हेही तपासून घेण्याजोगे आहे. 'जेनेसिस'चे संस्थापक सदस्य चार्टरहाऊस ह्या शाळेतील विद्यार्थी होते आणि १९६९ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली तेव्हा ते विशीच्या आतबाहेर होते. माइक ओल्डफील्डने 'ट्युब्युलर बेल्स' (१९७३) ध्वनिमुद्रित केली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तिच्यातील बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच वाजविली आहेत, आणि तिचा सर्वपरिचित आरंभ पंधरा मात्रांचा आहे. तेव्हा हे संगीत पन्नाशीच्या श्रोत्यांचे झाले आहे ते केवळ त्या श्रोत्यांचे वय वाढल्यामुळे. संगीताचे वय वाढलेले नाही.

मुख्य आक्षेप विषम मात्रांचा आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला रस वाटावा असा मुद्दाही हाच आहे. 'पिंक फ्लॉइड'ची 'मनी' (१९७३) ही रचना, मधला गिटारवादनाचा भाग वगळता, सात मात्रांची आहे. 'जेथ्रो टल'ची 'लिव्हिंग इन द पास्ट' (१९६९) पाच मात्रांची. 'एमर्सन, लेक अँड पामर' ह्यांच्या 'टार्कस'चा (१९७१) प्रारंभही पाचाच्या हिशेबाने धावतो. पाश्चात्त्य समीक्षेत ह्या गणिताचा मोठा दरारा आहे. परंतु कानाला जे अवघड वाटते ते स्वभावतःच अवघड असते, की सवयीने अवघड झालेले असते?

वर्णांच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर आता बरेचसे निश्चित आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजीभाषी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकविले. सहा ते आठ महिन्यांची मुले हा भेद ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता येत होता. मराठी मुलाला जो भेद आयुष्यभर सहज वाटतो तो इंग्रजी मुलालाही जन्मतः उपलब्ध असतो, पण वर्षाच्या आत त्याचा कान तो सोडून देतो. भाषा शिकणे म्हणजे काही अंशी ऐकणे विसरणे होय.

लयीच्या बाबतीत ह्याच स्वरूपाचा निष्कर्ष एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब ह्यांनी २००५ मध्ये मांडला. बाल्कन प्रदेशातील लोकसंगीतात सात मात्रांसारखी विषम आवर्तने रोजची असतात. अशा आवर्तनात केलेला बिघाड उत्तर अमेरिकेतील प्रौढांच्या ध्यानात येत नव्हता. बाल्कन वंशाच्या प्रौढांच्या येत होता. आणि अमेरिकेतीलच सहा महिन्यांच्या अर्भकांच्याही येत होता. वर्षाची झालेली मुले प्रौढांसारखी वागू लागली होती. परंतु त्यांना घरी दोन आठवडे थोडा थोडा वेळ ते संगीत ऐकविल्यावर त्यांची जाण परत आली. तेवढ्याच श्रवणाने प्रौढांना मात्र हा लाभ झाला नाही.

ह्या प्रयोगांवरून सिद्ध होते ते भेद ओळखणे. आनंद होणे नव्हे. अर्भकाने बिघाड ओळखला म्हणून त्याला 'टार्कस' आवडेल, असे म्हणणे हा तर्काचा दुरुपयोग ठरेल. एवढे मात्र खचित की, 'मुलांना कळणार नाही' ह्या विधानातील 'कळणे' जर आवर्तन पकडण्याविषयीचे असेल, तर ते विधान उलटे केले पाहिजे. न कळण्याची शक्यता मुलापेक्षा त्याच्या वडिलांची अधिक आहे.

त्यातही आपल्याकडील मुलांची स्थिती निराळी आहे. सात मात्रांचा रूपक, दहांचा झपताल, चौदांचा दीपचंदी ही आवर्तने येथे विद्वत्तेची लक्षणे मानली जात नाहीत. ती भजनात, नाट्यपदात, चित्रपटगीतांत सहज येऊन जातात. रूपकाची सम खालीवर पडते, आणि 'मनी'तील सात मात्रांची घडण रूपकासारखी नाही. म्हणून संख्या सारखी असली तरी अनुभव सारखा नाही, हे खरेच. तथापि 'सात' ही संख्याच विचित्र वाटावी अशी कर्णसवय ह्या मुलांना लागलेली नसते. इंग्रज समीक्षकाच्या भीतीचे भाषांतर करून ती आपल्या मुलांवर लादण्याचे त्यामुळे काही कारण नाही.

आता वसई-विरारचा परिसर घेऊ. लहान मुलाच्या कानावर विविध संगीतसंप्रदाय एकाच वेळी पडावेत असे प्रदेश महाराष्ट्रात थोडे आहेत, त्यांपैकी हा एक. वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत चर्चचा गायनवृंद आणि लग्नातील पितळी वाद्यांचा बँड. गावोगावी भजनी मंडळे. आणि पालघर जिल्ह्याच्या वारली पाड्यांवर तारपा. तारपानृत्याचा विशेष असा की, वाळलेल्या भोपळ्याच्या त्या सुषिरवाद्याच्या सुरावटीबरोबर नाचणाऱ्यांची पावले बदलतात, आणि वादकाभोवती फिरणारी ती साखळी रात्री तासन्‌तास चालू राहते. साखळीच्या शेपटाला मुलेही असतात. शब्द नाहीत, ध्रुपद नाही, तीन मिनिटांनी येणारा शेवट नाही. दीर्घ संगीतात मुलांचे लक्ष टिकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे. मात्र ती मुले बसून ऐकत नाहीत, ती नाचतात; खुर्चीत स्थिर बसविलेल्या मुलाला तेवीस मिनिटे जड जातील. पण दोष रचनेच्या लांबीचा की खुर्चीचा, हे आधी ठरविले पाहिजे.

शब्दार्थाच्या आक्षेपालाही ह्याच भूमीत उत्तर सापडते. 'येस'च्या जॉन अँडरसनची पदे दुर्बोध आहेत, ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नीट उलगडत नाहीत, मग मराठी मुलाची कथा काय, असे म्हटले जाते. वस्तुतः त्या पदांत शब्द बऱ्याच अंशी अर्थापेक्षा नादासाठी योजलेले आहेत, आणि नादासाठी योजलेल्या शब्दांचा पहिला हक्कदार मूलच असते. विंदा करंदीकरांची बालकविता ज्यांनी मुलांना वाचून दाखविली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना उपासनेत वाट करून देईपर्यंत कॅथलिक चर्चची मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वसईही त्याला अपवाद नव्हती. घरी कादोडी किंवा अन्य बोली बोलणारी, शाळेत प्रमाण मराठी शिकणारी मुले वेदीपाशी लॅटिन प्रतिसाद मुखोद्गत म्हणत आली. त्यांना तो आनंद वाटे की कर्तव्य, हे म्हणणाऱ्यागणिक वेगळे असणार. सहभाग म्हणजे आस्वाद नव्हे. परंतु न कळणारी भाषा ही संगीताच्या वाटेतील भिंत आहे, असे निदान ह्या परिसरात तरी कोणी म्हणू नये.

बालवयाविषयीचा निष्कर्ष असा अनुकूल निघतो. किशोरवयाचा प्रश्न मात्र ह्याहून अवघड आहे, आणि येथे क्षमतेचा युक्तिवाद उपयोगी पडत नाही. डेव्हिड हारग्रीव्ह्ज ह्यांनी १९८२ मध्ये लहान मुलांच्या 'उघड्या कानां'ची कल्पना मांडली: लहान मूल अपरिचित संगीताला सहजी नाकारत नाही, वय वाढते तसा कान मिटत जातो. पुढे अल्बर्ट लब्लँक ह्यांनी ह्या कल्पनेला आकार देताना असे सुचविले की, किशोरवयाच्या उंबरठ्यावर हा स्वीकार ओसरतो आणि किशोरवय सरता सरता काही अंशी परत येतो. मधल्या वर्षांत संगीत हे ऐकण्याचे कमी आणि ओळखीचे अधिक असते. आपण कोणाच्या बाजूचे, हे त्यावरून ठरते. त्या वयात वडिलांच्या कपाटातील तबकडी ही केवळ वडिलांची आहे एवढ्याचसाठी टाकाऊ ठरू शकते; त्या नकाराला सौंदर्यविचाराचे कारण चिकटविणे व्यर्थ होय.

ह्या संदर्भात 'पिंक फ्लॉइड'च्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागाची (१९७९) कहाणी उद्बोधक आहे. लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतील तेवीस विद्यार्थ्यांनी त्यातील समूहगान केले. पुढच्याच वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत, तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी शिक्षणातील विषमतेविरुद्धच्या बहिष्कारात हे गीत आपलेसे केल्यावर, सरकारने त्यावर बंदी घातली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कोणत्याही रचनेला किशोरांकडून ह्याहून मोठा स्वीकार लाभलेला नाही. आता ह्या रचनेची घडण पाहावी: सरळ चार मात्रा, नृत्यगृहातील ठेका, लहान आवाका. म्हणजे ह्या संगीताची जी लक्षणे वर सांगितली त्यांपैकी एकही येथे नाही. विषम मात्रांच्या कैवाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची आहे. किशोरांनी ह्या गीतात जे घेतले ते लयीचे कौशल्य नव्हते. आपल्याच वयाचा आवाज होता.

त्या आवाजाविषयी भाषेच्या अंगाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. समूहगानातील प्रमुख ओळीत दुहेरी नकार आहे. प्रमाण इंग्रजीच्या व्याकरणानुसार ती चूक. लंडनच्या श्रमिक वस्तीच्या बोलीत तो सर्वस्वी स्वाभाविक प्रयोग. शिक्षण नको म्हणणाऱ्यांनाच शिक्षणाची गरज असल्याचा हा पुरावा, अशी थट्टा तेव्हापासून होत आली आहे. थट्टा करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की, ती ओळ 'शुद्ध' केली असती तर ती मुलांची न राहता शिक्षकांची झाली असती. घरी कादोडी आणि वर्गात प्रमाण मराठी अशा दोन भाषारूपांत वावरणाऱ्या वसईच्या मुलाला ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही. गीताचा शब्दार्थ कळण्यापूर्वीच ते कोणत्या बाजूने बोलते आहे हे त्याला कळेल. आस्वादाचा हाही एक दरवाजा आहे, आणि तो मात्रामोजणीपेक्षा रुंद आहे.

म्हणून ह्या संगीतातील सर्वच कृती मुलांपुढे ठेवण्याजोग्या आहेत असे नव्हे. 'येस'च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'च्या (१९७३) चार बाजूंवरील चार दीर्घ रचना प्रौढांनाही थकवितात. तेथे लांबी ही आशयाची गरज नसून प्रतिष्ठेची हौस आहे. मूल त्यांना कंटाळेल तर ते मुलाच्या रसिकतेचे लक्षण समजावे. 'थिक अॅज अ ब्रिक'मधील उपरोध सोळा-सतरा वर्षांच्या आत उमगणार नाही, जरी त्यातील बासरी दहाव्या वर्षीही आवडेल. उलट रिक वेकमनची 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' (१९७४) समीक्षकांनी भपकेबाज म्हणून झिडकारली असली, तरी ज्युल व्हर्नची कथा, निवेदक आणि वाद्यवृंद ह्यांची ही मोट मुलांना धरून ठेवील, कारण भपका हा दोष आहे हे त्यांना अद्याप कोणी शिकविलेले नसते. 'मनी'च्या आरंभी नाणी आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज चक्राकार फिरतात, 'टाइम'च्या आरंभी घड्याळे एकदम वाजू लागतात. तेथे वस्तूंच्या आवाजाचे संगीतात रूपांतर होताना दिसते. थाळी आणि डबे वाजविणारे मूल हेच करीत असते.

राहता राहिली ऐकण्याच्या साधनाची गोष्ट, आणि ती गौण नाही. कुमार गंधर्वांनी बालपणी गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब उचलल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तेथे प्रतिभा होती हे उघडच. पण तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावण्यावाचून दुसरा पर्याय नव्हता, हेही होते. आज विरारच्या गाडीत बसलेल्या मुलाच्या हातातील दूरध्वनीवर ह्या साऱ्या रचना उपलब्ध आहेत, आणि यंत्र त्या त्याला एकेक तुकडा करून, मागचा-पुढचा संबंध तोडून, मध्ये जाहिरात घालून ऐकविते. 'टाइम'मधील घड्याळे तबकडीवर कशानंतर वाजतात हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. सात मात्रांना न डगमगणारा कान येथे मात्र असहाय आहे.