पाळत आणि माया : ‘गाभ्रीचा पाऊस’

बेसात आज आपण जिथं बसलो आहोत, त्या भागात काही वर्षांपूर्वी शेतं होती. आता लेआउट आणि फ्लॅट स्कीम. तेव्हा शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट आपल्याला परकी वाटायला नको. तरी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) बघताना आपण हसतो, आणि मग हसल्याचं अवघडलेपण येतं. आम्हाला बोलायचं आहे ते याबद्दल.

शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली. किस्ना गप्प गप्प दिसतो, आणि बायको अलकाच्या मनात पाल चुकचुकते : उद्या यानंही तसंच केलं तर? मग ती पोराला आणि सासूला त्याच्यामागं धाडते, त्याला गोडधोड करून घालते. किस्नाचं चित्त मात्र पावसाकडं अन् पेरणीकडं.

काम्यूनं १९४२ साली आत्महत्येचा प्रश्न मांडला तो एकट्या माणसाचा, स्वतःला विचारलेला. इथं किस्नाला असं विचारायला सवड कुठं आहे? प्रश्न अलकाला पडतो, तोही दुसऱ्याच्या जिवाबद्दल. वर्गात काम्यू शिकवताना ही बाई कुणाला आठवत नाही. आणि तिच्या मायेची दुसरी बाजूही चित्रपट लपवत नाही. ज्याच्यावर घरच्यांचीच पाळत आहे, त्याला नुसतं उदास बसण्याचीही सोय उरत नाही. उसासा टाकला तरी घर घाबरतं. आपण हसतो ते याच जागी.

आमची हरकत शीर्षकाला आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. म्हणजे प्रश्न नुसत्या पावसाचा नाही, हे तेव्हा दिल्लीलाही दिसत होतं. तरी वऱ्हाडी शिवी बसली ती पावसालाच. कापसाचा भाव अन् सावकाराचं व्याज सुटले. यावर कुणी म्हणेल, शिवी आपल्या माणसालाच देतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं पावसाशी तेवढं नातं असतंच. हे आम्हाला मान्य आहे. पण नातं आहे म्हणून हिशेब सोडून देता येत नाही.

कलाकार बहुतेक पुण्याकडचे, त्यामुळं आपल्या कानाला बोली अधूनमधून खटकते. ज्योती सुभाष यांच्या बाबतीत मात्र आम्ही ते विसरलो. ज्याला चालायला शिकवलं, त्याच्यामागं म्हातारपणी धुऱ्यावरून चालायचं, अन् त्याला कळू द्यायचं नाही!