दोन टोकांची साक्ष

लाइन साफ बंद पडली तर शोधायला फारसे काही उरत नाही. दिवा विझलेला दिसतो, केबल बदलली की काम भागते. खरी गोडी आहे ती एरवी बिनबोभाट चालणाऱ्या आणि ट्रॅफिक वाढला की चुका करू लागणाऱ्या लाइनीत. तिथे वाचायला हाती एकच मजकूर असतो, तो म्हणजे पोर्टवरचे काउंटर. मोजके शब्द आणि त्यांच्यापुढचे आकडे. जाणता नेटवर्क इंजिनिअर हा मजकूर कसा वाचतो, ते शेजारी बसून पाहण्यासारखे असते. त्यातही मला सर्वांत आवडतो तो १०० मेगाबिटच्या इथरनेटवरचा जुना, अभिजात बिघाड : डुप्लेक्स मिसमॅच.

आधी त्याचा जन्म पाहा. स्विचचा पोर्ट कुणीतरी काळजीपोटी ‘१०० फुल’ असा हाताने पक्का केलेला असतो. पलीकडचा सर्व्हर ‘ऑटो’वर. १९९५च्या आयईईई ८०२.३यू मानकाने आणलेल्या ऑटो-निगोशिएशनमध्ये दोन्ही टोके बारीक पल्सांतून एकमेकांना आपापली कुवत कळवतात. इथे मात्र स्विचने बोलणीच बंद केलेली. सर्व्हरला सिग्नलच्या धाटणीवरून वेग १०० आहे एवढे ओळखता येते. समोरचा एकाच वेळी पाठवू आणि घेऊ शकतो का, हे सिग्नलवरून कळायला वावच नाही. अशा वेळी हाफ डुप्लेक्स धरावे, असे मानकच सांगते. सर्व्हर तसे धरतो. दोघांनीही नियम मोडलेला नाही, दिवे दोन्हीकडे हिरवे आहेत, आणि बिघाड मात्र जागच्या जागी तयार झाला आहे. इतक्या निर्दोष पावलांनी चालत आलेला दोष मी दुसरा पाहिलेला नाही.

आता पिंग मारून पाहा. एकही पॅकेट हरवत नाही. कारण पिंगचे पॅकेट जाते, मग उत्तर येते. दोघे वाटेत सहसा समोरासमोर येतच नाहीत. पॅकेटचा आकार वाढवला तरी फरक पडत नाही, कारण प्रश्न आकाराचा नसून एकाच क्षणी दोन्ही दिशांनी वाहण्याचा आहे. मोठी फाइल कॉपी करायला घ्या. डेटा एका बाजूने धावतो आणि त्याच्या पोचपावत्या त्याच वेळी उलट्या येऊ लागतात. दोघांची टक्कर होते आणि पॅकेट हरवतात. टीसीपी हरवलेले पॅकेट म्हणजे गर्दीची खूण समजतो आणि आपला वेग उतरवतो. वेग उतरला की टकराही कमी होतात. त्यामुळे कॉपी तुटत नाही, नुसती रखडते, आणि तक्रार ऐकून माणूस पाहायला येईपर्यंत लाइन पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते.

एक टक्कर अगदी जवळून पाहू. सर्व्हर १५१८ बाइटची पूर्ण लांबीची फ्रेम पाठवतो आहे. १०० मेगाबिटवर तिला सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात. हाफ डुप्लेक्सच्या नियमाने पहिले ६४ बाइट, म्हणजे ५.१२ मायक्रोसेकंद, जोखमीचे. तेवढे निर्वेध गेले की तार आपली झाली, असे सर्व्हरने मानायचे. तो तसे मानतो. स्विच मात्र फुल डुप्लेक्समध्ये आहे, त्याला तार मोकळी आहे का हे ऐकण्याची गरजच वाटत नाही. चाळिसाव्या मायक्रोसेकंदाला तो पोचपावती सोडतो. सर्व्हर दचकून थांबतो, फ्रेम तिथेच तुटते. सर्व्हर आपल्या वहीत लिहितो ‘लेट कोलिजन’, कारण ही टक्कर ठरल्या मुदतीनंतर झाली. स्विचच्या हाती पाचेकशे बाइटचा तुकडा येतो; शेवटच्या चार बाइटांत असायला हवी ती बेरीज जुळत नाही. तो लिहितो ‘सीआरसी’. तुकडा ६४ बाइटपेक्षा लहान असता, तर त्याने ‘रंट’ लिहिले असते.

घटना एक, नोंदी दोन. एकाकडे लेट कोलिजन, दुसऱ्याकडे सीआरसी आणि रंट. नवशिका फक्त स्विचवर पाहतो, सीआरसी दिसले की केबल बदलतो, आणि आकडे वाढतच राहतात. जाणता दोन्ही टोके शेजारी ठेवून वाचतो. तेवढ्या वाचनातच निदान झालेले असते, पक्कड हाती न घेता. साध्या ‘कोलिजन’कडे तो पाहतही नाही, कारण हाफ डुप्लेक्समध्ये ती रोजची गोष्ट. ‘लेट’ या एका विशेषणावर त्याची नजर थांबते.

केबलच खराब असेल तर चित्र वेगळे. तिथे समोर लेट कोलिजन नसतात, आणि चुका फ्रेमच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात : ट्रॅफिक दुप्पट, तर चुकाही साधारण दुप्पट. मिसमॅचमध्ये त्या प्रमाण सोडून उसळतात. शिवाय यात एक सुरेख खोच आहे. १०० मेगाबिटच्या तारेवर फ्रेम नसतानाही सिग्नल अखंड वाहत असतो. खराब क्रिंपिंगचा कनेक्टर रात्रीही तेवढेच बिट बिघडवत असतो, पण सीआरसी मोजायला त्या वेळी फ्रेमच नसते. म्हणजे ‘लोड आला की चुका होतात’ ही तक्रार केबलच्या बाबतीत खरी नसते. लोड आला की चुका मोजल्या जातात. चुकांच्या संख्येला फ्रेमच्या संख्येने भागून पाहणाऱ्याला हे लगेच उमगते, आणि या भागाकाराइतका कमी खर्चाचा आणि इतका धारदार उपाय या कारागिरीत दुसरा नाही.

‘ड्रॉप’ वेगळे. ते रांग भरल्याची खूण, तारेचा दोष नव्हे. आणि कट-थ्रू पद्धतीचा स्विच शेवटची बेरीज तपासण्याआधीच फ्रेम पुढे ढकलतो, त्यामुळे पुढच्या धडधाकट केबलवरही सीआरसी दिसते. तिथे आळ निरपराधावर येतो. चूक जिथे पहिल्यांदा नोंदली गेली त्या पोर्टपर्यंत मागे चालत जावे लागते.

दुरुस्ती सोपी आहे : दोन्ही टोके ऑटोवर ठेवायची. एक गिगाबिटच्या तांब्याच्या लाइनीवर तर ऑटो-निगोशिएशन मानकानेच आवश्यक केले आहे. पण पडताळणीत कसब दिसते. काउंटर शून्यावर आणून दोन्ही दिशांनी एकदम भार टाकायचा. सर्व्हरवर लेट कोलिजन शून्य दिसतील. त्यावर जाणता समाधान मानत नाही. फुल डुप्लेक्समध्ये टक्कर ओळखण्याचे कामच बंद असते, तेव्हा तो रकाना काहीही झाले तरी शून्यच राहणार. तो उठून स्विचकडे जातो, भार चालू ठेवूनच तिथला सीआरसीचा आकडा पाहतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहतो.