उसने गाणे, स्वतःचे स्वगत : ‘टेक्सस फ्लड’चे पुनर्श्रवण

स्टीव्ही रे वॉन या टेक्ससच्या गिटारवादकाच्या ‘टेक्सस फ्लड’ (१९८३) या पहिल्या अल्बमवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : हे सारे अल्बर्ट किंगकडून उसने घेतलेले आहे. बरीच वर्षे माझेही मत तेच होते. ते मी इथे मागे घेत आहे.

उसनवारी खरीच आहे. अल्बममधल्या दहा रचनांपैकी चार इतरांच्या. शीर्षकगीत लॅरी डेव्हिसने १९५८ मध्ये ड्यूक कंपनीसाठी गायले होते. गिटारवर फेंटन रॉबिन्सन होता. तार ताणून स्वर वर चढवण्याची वॉनची लकब किंगची. पण किंग डावखुरा. गिटार उलटी धरून तो तारा खाली ओढायचा. वॉन उजव्या हाताचा. नेहमीपेक्षा जाड तारा अर्ध्या स्वराने उतरवून तो त्या वर ढकलायचा. लकब तीच, कष्ट वेगळे. म्हणून नादही वेगळा, अधिक जड.

खरा फरक मला डेव्हिसचे मूळ गाणे ऐकल्यावर कळला. ब्लूजच्या बारा बारांच्या आवर्तनात गायक एक ओळ म्हणतो आणि उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देते. डेव्हिसच्या गाण्यात ओळ एकाची, उत्तर दुसऱ्याच्या बोटांचे. वॉनकडे दोन्ही त्याचेच. सोबत टॉमी शॅननचा बास आणि ख्रिस लेटनचे ड्रम. पियानो नाही, दुसरी गिटार नाही. त्यामुळे संवादाचे स्वगत होते. गाण्यातला माणूस पुरात अडकला आहे, टेलिफोनच्या तारा तुटल्या आहेत, प्रेयसीपर्यंत निरोप पोचत नाही. पलीकडे ऐकणारे कोणी नसताना आपणच बोलायचे आणि आपणच उत्तर द्यायचे, हे त्या प्रसंगाला अधिक जवळचे वाटते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये गायक जॅक्सन ब्राउनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ या तिघांना फुकट वापरू दिला. तीन दिवसांत काम आटोपले. पुढे जॉन हॅमंड यांच्या पाठबळाने एपिक कंपनीने तो अल्बम काढला. घाईच्या खुणा त्यात आहेत. ‘रूड मूड’मधला वेग थक्क करतो, पण मनात राहत नाही. पत्नीच्या नावाने रचलेली शेवटची ‘लेनी’ मात्र राहते. तिथे शब्द नाहीत, घाई नाही. एकेक स्वर विरेपर्यंत वॉन थांबतो. वेगाचे कौतुक करताना आम्ही समीक्षकांनी हे थांबणे ऐकलेच नाही.

तरीही एक ऋण उरते. आज हे गाणे वॉनचे म्हणून ओळखले जाते. डेव्हिस आणि रॉबिन्सन ही नावे जाणकारांपुरती उरली आहेत. वॉनने त्यांचे गाणे नव्या अर्थाने वाजवले, म्हणून ते ऋण फिटत नाही. दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत, आधी १९५८चे. मग वॉनने काय घेतले आणि त्यात स्वतःचे काय घातले, हे कानांनाच कळते.