कंदिलातलं तेल

बँकेतल्या माणसाला एकांत मिळत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मला तो एकदाच मिळाला. रेकॉर्डरूममध्ये 1998 सालचं एक व्हाउचर शोधायला मला पाठवलं आणि शिपायानं बाहेरून कडी घातली. अडीच तास मी अगदी एकटा होतो. त्या वेळात आत्मचिंतन म्हणून जे काही झालं, ते सगळं त्या शिपायाविषयी होतं.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या शाखेत बदलून आलेल्या एक बाई. ठेवींचं काउंटर सांभाळतात आणि मधल्या सुट्टीत डबा संपला की टॅरोचे पत्ते मांडतात. टॅरोच्या जोडात 78 पत्ते असतात. आपल्या पत्त्यांपेक्षा सव्वीस जास्त, आणि इतके असूनही त्यात रमी लावता येत नाही, अशी हेडकॅशियरची तक्रार आहे. बाईंनी मला एक पत्ता काढायला सांगितला. निघाला नऊ नंबरचा, हर्मिट.

"तुम्हाला एकांताची गरज आहे," बाई म्हणाल्या. "आता बाहेर बघणं पुरे झालं. आत बघा."

"आत बघा, पण काउंटर बंद करून बघा," हेडकॅशियर म्हणाला. "पेन्शनवाले खोळंबलेत."

पत्ता घरी नेता येत नव्हता, म्हणून मोबाइलवर फोटो काढून घेतला. चित्रकलेतलं माझं शिक्षण नमुना सही पडताळण्यापुरतं. पण सही पडताळणाऱ्याला एक सवय असते, तो आधी काय जुळत नाही ते बघतो. त्या नजरेनं मी हे चित्र बघितलं. करड्या झग्यातला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा बर्फाच्या कड्यावर उभा आहे. डाव्या हातात काठी, उजव्या हातात वर उचललेला कंदील, आणि कंदिलात ज्योत नसून सहा टोकांची चांदणी. मान खाली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बाई याला 'संन्यासी' म्हणतात. मला हे भाषांतर पटत नाही. आपला संन्यासी दंड-कमंडलू घेतो. कंदील घेऊन निघालेला माणूस आपल्याकडे रात्रीच्या पाळीचा समजतात.

थोडी चौकशी केली तर कळलं की हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत निघाले, आणि तेही चक्क खेळायला. भविष्य सांगायच्या कामाला ते लागले अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. मी पाहिलेलं चित्र 1909 सालचं, लंडनचं. सांगितलं आर्थर वेट यांनी आणि काढलं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. जुन्या इटालियन जोडात म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाहीच, वाळूचं घड्याळ आहे. म्हणजे हा गृहस्थ मुळात काळाच्या खात्यात होता. पुढे कुठंतरी त्याची बदली झाली आणि चार्जमध्ये कंदील मिळाला. बदलीत माणूस तोच राहतो आणि टेबल बदलतं, हे आम्हाला नवं नाही.

आता एकांत मिळवायचा तर कुठं? पहिल्या दिवशी घरीच बेडरूमचं दार लावून बसलो. पाचव्या मिनिटाला दारावर टकटक. "चहा आत आणू, की बाहेर येऊन चिंतन करता?" बाहेर येऊन केलं. मग पत्त्यातल्यासारखं शिखर गाठावं म्हटलं. आमचा जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नगरच) याबाबतीत श्रीमंत आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटरचं कळसूबाई, आमच्याच अकोले तालुक्यात. एका रविवारी गेलो. लोखंडी शिड्यांपाशी रांग होती. आमच्या काउंटरपेक्षा मोठी, आणि इथं टोकनही नाही. वर पोचलो तेव्हा देवीच्या देवळाभोवती इतके लोक फोटो काढत होते की हर्मिट आला असता तर त्यालाही कुणीतरी म्हणालं असतं, आजोबा, जरा बाजूला.

खाली उतरताना गुडघे बोलायला लागले आणि डोक्यात एक शंका आली. बी. कॉम.वाल्यालाच येईल अशी. या म्हाताऱ्याच्या कंदिलात तेल कोण घालतं? चित्रात तेलाची बुधली नाही, दुकान नाही, घर नाही. पामेलाबाईंनी ज्योतीऐवजी चांदणी काढून तेलाचा खर्चच मिटवला. जमाखर्च न दाखवता शिल्लक दाखवण्याचा हा प्रकार आमच्याकडे ऑडिटला चालत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या एकांतवासी मंडळींचं तसं नाही. त्यांच्या गोष्टींत तेलाचा हिशेब स्वच्छ आहे. शिर्डीचे साईबाबा दुकानदारांकडून तेल मागून आणत आणि मशिदीत दिवे लावत. एक दिवस दुकानदारांनी तेल दिलं नाही आणि बाबांनी पाण्यावर दिवे पेटवले, अशी कथा साईसच्चरितात आहे. ऐकणारे शेवटच्या भागाला हात जोडतात. मी पहिल्या भागापाशी अडकतो. एवढा फकीर, पण दिव्यासाठी रोज गावात जाऊन कुणापुढं तरी उभा राहत होता.

नेवाशाचंही तसंच. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो पैसचा खांब. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं नाव आपल्या पुस्तकालाच दिलं. त्या खांबावर एक जुना संस्कृत लेख कोरलेला आहे. देवासमोरच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दरमहा सहा नाणी द्यावीत, असा त्याचा आशय. तत्त्वज्ञानातलं मला फार कळत नाही, पण हे वाचल्यावर मी खांबाला मनापासून नमस्कार केला. दगडावर कोरलेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन! आणि ज्ञानेश्वर तरी एकटे कुठे होते? ते सांगत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, भावंडं बरोबर होती.

राहता राहिला आमचा भुईकोट किल्ला. तिथं मात्र एकांत सरकारी हुकमानं मिळत असे. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथं आणून ठेवले. नेहरूंनी या किल्ल्यात 1944 मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि अर्पण केलं ते बरोबरच्या कैद्यांना. पण मला हर्मिट म्हणून आठवतात ते मौलाना आझाद. पहाटे, सगळे झोपेत असताना उठायचे, स्वतःच्या हातानं चिनी चहा करायचे आणि एका मित्राला पत्र लिहायला बसायचे. ते टपालात पडणार नाही हे पक्कं ठाऊक असताना! तीच पत्रं पुढे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली. खोलीत चिमण्यांनी घरटी केली, तेव्हा त्यांनी आधी चिमण्यांशी लढाई केली आणि मग दाणे टाकले. शेवटी चिमण्या हातावर येऊन बसायला लागल्या. त्याच खोलीत एप्रिल 1943 मध्ये त्यांना कळलं की कलकत्त्याला बायको गेली. ती आजारी असल्याचं ठाऊक होतं, पण सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तेही पत्रांत आहे.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि मला अण्णा आठवले.

अण्णा माझे वडील. नेवाशाजवळ वस्तीवर राहतात. आई गेल्याला तीन वर्षं झाली. नगरला या म्हटलं तर म्हणतात, ऊस कोण बघणार? कुणी नातेवाईकानं विचारलं, म्हातारा एकटाच कसा राहतो, तर माझं उत्तर ठरलेलं असतं, "अण्णांना एकांत आवडतो." हे अण्णा मला कधी म्हणाले, ते काही केल्या आठवेना. दर पाच तारखेला माझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात पैसे जातात. तीच ती स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. एकदा घातली की बघावं लागत नाही. मी पोरांची परीक्षा, क्लोजिंग, पाऊस अशा कारणांनी चार महिने गेलो नव्हतो.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते. गेलो. अण्णांनी पासबुक पुढं केलं, "बघ रे, बरोबर भरलंय का." छपाई बरोबर होती. पैसेही सगळेच्या सगळे होते, एकदाही काढलेले नव्हते. पासबुक भरून घ्यायला मात्र ते दर महिन्याला नेवाशाला जाऊन आले होते. आमच्या काउंटरवरही असे म्हातारे येतात. मोबाइलवर निरोप येत असताना हे रांगेत कशाला उभे राहतात, म्हणून मी नेहमी वैतागतो.

बोलायला विषय सापडेना, म्हणून मोबाइल काढून तो पत्ता दाखवला. अण्णांनी चष्मा पुसून नीट बघितला.

"कोण हा?"

"एकांतात बसलाय. आत्मचिंतन करतोय."

"छे! काहीतरीच." अण्णांनी आयुष्यभर रात्रीची दारं धरली आहेत. कंदील म्हणजे त्यांचा अधिकाराचा विषय. "स्वतःपुरतं बघायचं असलं की माणूस कंदील खाली धरतो, पायाशी. इचू-काट्याचं भ्या असतं. असा वर कधी धरतात? कुणी यायचं असलं की. त्याला दिसावं म्हणून."

त्या चित्रावरची इतकी नेमकी समीक्षा मी तरी ऐकलेली नाही. वेटसाहेबांनी स्वतः लिहिलंय की हा पत्ता शोधत फिरणाऱ्याचा नसून पोचलेल्याचा आहे, आणि तो उजेड मागून येणाऱ्यासाठी आहे. अण्णांनी वेट वाचलेले नाहीत. बाईंनी वाचले असावेत, पण मधली सुट्टी अर्ध्या तासाचीच असते.

"तुमचा कंदील कुठाय?" मी विचारलं.

"तो काय, खुंटीला. रेशनवर रॉकेल येईना, तवापासून लटकलाय. आता ही बॅटरी."

जेवण करून निघायला अंधार झाला. वस्तीपासून सडकेपर्यंतचा रस्ता कच्चा आहे, दोन्हीकडे ऊस. मोटारसायकल सडकेला लागल्यावर मागं बघितलं. बांधावर अण्णा उभे होते, बॅटरी डोक्याच्या वर धरून. सेल उतरतील, बंद करा, असं मी ओरडलो. ऐकू गेलं नसावं.