पोपटाचा डोळा आणि काडतुसाचा लॉट

(वाघोली येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की समीक्षेच्या व्याख्यानात रायफल कुठून आली? प्रश्न बरोबर आहे. आज आम्हाला समीक्षा करायची आहे ती नेमबाजीबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, बोललं जातं त्याची. वर्तमानपत्रातला वृत्तान्त, सत्कारातलं भाषण, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं प्रास्ताविक, हे सगळं त्यात आलं. पण रायफल आणि काडतूस थोडं समजून घेतल्याशिवाय ही समीक्षा करता येणार नाही. म्हणून दोन्ही एकत्र घेऊ.

सुरुवात पोपटाच्या डोळ्यापासून करू, कारण आपल्याकडे नेमबाजाचा सत्कार तिथूनच सुरू होतो. गुरू विचारतात, काय दिसतं? बाकीचे म्हणतात झाड, फांद्या, पानं. अर्जुन म्हणतो, फक्त पोपटाचा डोळा. टाळ्या.

आपल्या पुण्यातल्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. तिच्यात आदिपर्व उघडून ही गोष्ट वाचा. तिथे पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे. तोही खरा नाही, द्रोणांनी कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी आहे. आणि अर्जुनाला दिसतं ते पक्ष्याचं डोकं. डोळा आपण नंतर घातला. लोककथेत अशी भर पडतेच, त्याबद्दल तक्रार नाही. आमचं लक्ष वेधलं ते त्या कारागिरांनी. म्हणजे द्रोणांनी परीक्षा नीट मांडली होती: लक्ष्य एकच, अंतर एकच, बदलतो तो फक्त धनुर्धर. धनुर्धराची परीक्षा अशीच घ्यायला हवी. पण मग धनुष्याची परीक्षा कशी घ्यायची? धनुर्धर तोच ठेवायचा आणि धनुष्य बदलायचं. गोष्टीचा हा दुसरा अर्धा भाग आपण कधी सांगतच नाही. त्यामुळे नेम चुकला की आपल्याकडे एकच निदान तयार असतं: लक्ष नव्हतं.

गंमत अशी, की आपल्या भाषेला हे ठाऊक होतं. ‘नेम चुकला’ म्हटलं की दोष माणसाचा. ‘फुसका बार’ म्हटलं की दोष दारूचा. वाघोलीकरांना हे वेगळं सांगायला नको, दगडाच्या खाणी तुम्ही बघितल्या आहेत. सुरुंग फुसका गेला तर कोणी असं म्हणत नाही, की सुरुंग लावणाऱ्याचं आज मन एकाग्र नव्हतं. वात बघतात, भोक बघतात, दारू ओली झाली का ते बघतात. हा साधा शहाणपणा नेमबाजीवर लिहिताना कुठे जातो, हा आमचा प्रश्न आहे.

आता अलीकडचं उदाहरण. १ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पात्रता फेरीत ५९० गुण घेऊन तो सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या आणि पालथ्या स्थितीतल्या नेमबाजीनंतरही तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्या स्थितीत तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं आठवा. धोनीसारखा रेल्वेत, धोनीसारखा शांत. त्यानं स्वतःच धोनीचं नाव घेतलं होतं, त्यामुळे ते आलं ते ठीकच. घरच्यांनी काडतुसांसाठी कर्ज काढलं, हेही छापून आलं. पण ते काडतूस कसलं, त्यात निवडण्यासारखं काय असतं, हे कुठल्याही वृत्तान्तात आमच्या तरी वाचनात आलं नाही. म्हणजे आपल्या लेखनात काडतूस येतं ते त्यागाची खूण म्हणून. देवापुढच्या नारळासारखं. तो रायफलच्या कामाचा एक भाग आहे हे जणू आपल्या लेखी नसतंच.

मग थोडं त्या भागाकडे बघू. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे आपण ज्याला पॉइंट टू-टू म्हणतो ती. त्याच्या पुढचं प्रत्येक वर्तुळ केंद्रापासून ८ मिलिमीटर बाहेर. काडतुसातून गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं निघते. ध्वनीपेक्षा मुद्दामच कमी, कारण ध्वनीच्या वेगाच्या सीमेवर गोळी डळमळते. आता समजा, त्याच पेटीतलं पुढचं काडतूस १० मीटरनं मंद निघालं. गणित अकरावीतलं आहे, घरी जाऊन करून बघा. हवेचा विरोध सोडून दिला तरी ५० मीटरवर ती गोळी ७ मिलिमीटरहून थोडी जास्तच खाली लागते. म्हणजे जवळजवळ एक अख्खं वर्तुळ गेलं. नेमबाजाचा श्वास, नजर, बोट, सगळं अगदी तेच असताना.

इथे कोणी विचारेल, मग चांगलं काडतूस स्वतःच का भरून घेत नाहीत? परदेशात लांब पल्ल्याचे नेमबाज भरतात. मोठ्या रायफलच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. ती काढून नवी बसवता येते, दारू तोलून घालता येते, गोळी किती खोल बसवायची ते ठरवता येते. पण टू-टूमध्ये पेट घेणारं रसायन पितळी पुंगळीच्या दुमडलेल्या काठातच भरलेलं असतं. चापावर बोट दाबलं की तो काठ चेपतो. चेपलेली पुंगळी परत कामाची नाही. आणि आपल्या देशात काडतूस तयार करणं हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचं काम आहे, घरच्या टेबलावर करायचा छंद नव्हे. त्यामुळे आपल्या नेमबाजाच्या हातात एकच गोष्ट उरते: लॉट निवडणं.

लॉट म्हणजे काय, हे पुण्याला सांगायला नको. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून उभी आहे. या सभागृहातही कुणाच्या आजोबांनी तिथे नोकरी केलेली असेल. एकाच वेळी, एकाच मालातून, एकाच यंत्रावर निघालेली खेप म्हणजे लॉट, आणि पेटीवर तिचा क्रमांक असतो. कंपनी तीच, नाव तेच, पण लॉट बदलला की वागणं बदलू शकतं. आणखी एक. एका नळीला जो लॉट मानवतो, तो शेजारच्या नळीला मानवेलच असं नाही. त्यामुळे रायफल शिकंज्यात घट्ट धरून, माणसाचा हात बाजूला ठेवून, दहा-दहा गोळ्या झाडतात आणि कुठल्या लॉटचा पुंजका लहान येतो ते बघतात. याला लॉट टेस्टिंग म्हणतात. म्हणजे द्रोणांच्या परीक्षेचा राहिलेला अर्धा भाग.

आता आमच्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही. नगर रोडवरच राहणारी एक मुलगी, पालथ्या स्थितीत ५० मीटर मारायची. साठ गोळ्यांत ६१० च्या आसपास गुण असायचे. एका मोसमात ते ६०० च्या खाली आले. घरात, क्लबात, आमच्यातसुद्धा एकच सूर: दहावीचं टेन्शन आहे, मोबाइल वाढलाय, मन लागत नाही. आईनं पहाटेचं ध्यान सुरू करायला लावलं. मग एकाच आठवड्यात दस्त्याची लांबी बदलली, चाप हलका केला, माशी बदलली, श्वासाची पद्धतही बदलली. चार गोष्टी एकदम बदलल्यावर काय कळणार? काहीच कळलं नाही. गुण आणखी उतरले.

शेवटी एका जुन्या माणसानं सगळं पूर्वीसारखं करायला लावलं आणि एकेक गोष्ट घेतली. आधी दस्त्याचे आणि साइटचे स्क्रू. ते घट्ट होते. मग तिची रायफल दुसऱ्या मुलाला दिली. त्याच्याही गोळ्या वरखाली पसरल्या. मग तिला त्याची रायफल आणि त्याचीच काडतुसं दिली. पुंजका छान. म्हणजे ती सुटली. तिच्या रायफलच्या गोळ्या डावी-उजवीकडे जात नव्हत्या, उभ्या ओळीत पसरत होत्या. वाऱ्याचा किंवा बोटाचा दोष असता तर बहुतेक वेळा पसारा आडवा दिसला असता. उभा पसारा म्हटल्यावर वेगाचा संशय घ्यायचा. कपाटात जुन्या लॉटची अर्धी पेटी सापडली. तिच्या रायफलमधून त्याच काडतुसांचा पुंजका पुन्हा बटणाएवढा आला. नवा लॉट तिच्या नळीला मानवत नव्हता, एवढंच. मग नवा लॉट त्या मुलाच्या रायफलमध्ये घालून पाहिला, तर तिथे तो उत्तम चालला! कुणाची चूक म्हणावी अशी गोष्टच नव्हती. दोघांनी पेट्यांची अदलाबदल केली.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. काडतुसं बदलून आठवडा झाला तरी तिचे गुण परत आले नाहीत. दोन महिने लागले. कारण मधल्या काळात तिला सगळ्यांनी पटवून दिलं होतं, की तिचं मन कच्चं आहे. प्रत्येक गोळीला ती स्वतःवर पाळत ठेवायला लागली होती. चाप दाबायच्या क्षणी थबकायची. म्हणजे आधी काडतूस बिघडलं, मन नंतर बिघडलं. आणि मन बिघडवलं ते आपल्या निदानानं. आमचा सगळा आक्षेप या एका गोष्टीवर उभा आहे. पोपटाच्या डोळ्याची गोष्ट निरुपद्रवी नाही. चुकीच्या वेळी सांगितली तर ती स्वतःच एक बिघाड होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्हीही एकच निदान विकल्यासारखं होईल. रेंजवर अशीही मंडळी असतात, ज्यांचा लॉट कायमच खराब असतो. प्रत्येक आठ हा काडतुसाचा, प्रत्येक दहा त्यांचा. अशांनी मॅथ्यू एमन्स हा अमेरिकन नेमबाज आठवावा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या काही महिने आधी त्याच्या रायफलची कुणीतरी मुद्दाम नासधूस केली. गोळ्या कुठेही जायला लागल्या, तेव्हा त्यानं तपासलं आणि कारण सापडलं. मग सहकारी नेमबाजाची उसनी रायफल घेऊन त्यानं पालथ्या स्थितीतलं सुवर्ण जिंकलं. दोनच दिवसांनी थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत तीन गुणांनी पुढे असताना त्याची शेवटची गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली. गुण शून्य, आणि तो थेट आठवा. तिथे रायफल चांगली, काडतूस चांगलं, चूक निव्वळ त्याची. एकाच माणसाच्या आयुष्यात, एकाच वर्षात, दोन्ही प्रकारची कारणं. आपल्या वृत्तान्तांना एवढी जागा ठेवता यायला हवी.

याच अथेन्समध्ये अभिनव बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. आपल्याकडे तेव्हा लिहिलं गेलं, दडपण झेपलं नाही. पुढे त्यानं सांगितलं, की अंतिम फेरीतल्या त्याच्या जागेखालची जमीनच हलत होती. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्यानं सुवर्ण जिंकल्यावर त्याच माणसाचं मन पोलादी ठरलं. मन तेव्हाही त्याचंच होतं ना?

मग लिहिणाऱ्यांनी करायचं काय? आम्ही काही मोठी मागणी करत नाही. नेमबाज हरला की त्याच्या मनावर परिच्छेद लिहिण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारावेत. गोळ्या पसरल्या त्या उभ्या की आडव्या? त्या मोसमात लॉट बदलला होता का? तो तपासायला मिळाला होता का? या शेवटच्या प्रश्नापाशी खरी बातमी असते. कारण उत्तम लॉट निवडायचा म्हणजे अनेक लॉट समोर असावे लागतात, शिकंजा असावा लागतो आणि निवडलेला माल एकदम घ्यायला पैसे असावे लागतात. ज्याच्याकडे हे नाही, तो मिळेल ती पेटी घेतो आणि आपल्या नळीला ती मानवेल अशी आशा करतो. कर्जाची बातमी आपण हळवे होऊन वाचतो. पण त्या कर्जातून आलेली काडतुसं त्याच्या रायफलला मानवली का, हे कुणी विचारत नाही.

ती मुलगी आता बारावीला आहे. अजून मारते. परवा भेटली तेव्हा आम्ही सवयीनं विचारलं, काय गं, मन लागतंय का? ती हसली आणि म्हणाली, “काका, आधी लॉट नंबर विचारा.”

आजचं एवढंच. प्रश्न असतील तर घेऊ.