एका तंतूचं झालं, सुताचं काय?

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी कार्बनच्या नॅनोनळ्यांवर लेख लिहिला होता. सुरुवात अशी होती: ‘माणसाच्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, आणि तरीही पोलादाच्या शंभरपट मजबूत!’ हे वाक्य माझं नव्हतं. तसं ते कुणाचंच नाही. गेली वीस-पंचवीस वर्षं ते एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरतंय, आणि मीही ते तसंच उचललं. उद्गारचिन्ह तेवढं माझं.

लेख बाबांनी वाचला. त्यांची सगळी नोकरी इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत झाली, त्यातली बरीच वर्षं सूत तपासायच्या खोलीत. चष्मा काढून ते म्हणाले, “अगं, हे एका तंतूचं झालं. सुताचं काय?” मी म्हटलं, तेही होईल, संशोधन चालू आहे. खरं तर मला उत्तर माहीत नव्हतं. ज्या शोधनिबंधांतून ते वाक्य निघालं, ते मी वाचलेलेच नव्हते. लेखांवरून लेख लिहिला होता.

ते निबंध मी नंतर वाचले. कविता किंवा कथा वाचावी तसे: शब्द कुठला निवडलाय, काय सांगितलंय, काय हातचं राखलंय हे बघत. त्यांतल्या तिघांबद्दल इथे लिहायचं आहे. मूळ लिखाण आपल्या लोकप्रिय विज्ञानलेखनापेक्षा साहित्य म्हणूनही सरस आहे, असं माझं मत झालंय. त्यात संख्या एकटी येत नाही, तिच्यासोबत तिची परिस्थितीही येते.

पहिला निबंध ट्रेसी, एबेसन आणि गिब्सन यांचा, ‘नेचर’मधला, १९९६चा. पाच वर्षांआधी सुमिओ इजिमा यांनी जपानमधल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत, कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून ऋण टोकावर साचलेल्या काजळीत एकात एक बसलेल्या नळ्या पाहिल्या होत्या. त्या किती ताठ आहेत, हा ट्रेसी आणि मंडळींचा प्रश्न. काही नॅनोमीटर जाडीची नळी चिमटीत धरून वाकवायची कशी? त्यांनी ती धरलीच नाही. एक टोक पक्कं आणि दुसरं मोकळं असलेल्या नळ्या त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिल्या. उष्णतेने प्रत्येक वस्तू थरथरते, तशी नळीही थरथरते, आणि चित्रात तिचं मोकळं टोक पुसट दिसतं. तापमान वाढवत नेलं की पुसटपणा वाढतो. किती वाढतो, यावरून ताठपणा काढला.

एरवी पुसट आलेला फोटो आपण टाकून देतो. इथे तो पुसटपणा हेच मोजमाप आहे. अकरा नळ्या मोजल्या, सरासरी आली १.८ टेरापास्कल, आणि निबंध लगेच पुढे सांगतो की एकेका नळीचे आकडे ०.४० पासून ४.१५ पर्यंत पसरलेले आहेत. म्हणजे दहापट फरक. लोकप्रिय लेखांत सरासरी आली, हा पसारा मात्र मागे राहिला.

आणखी एक घोटाळा इथेच सुरू झाला. हा आकडा ताठपणाचा आहे, मजबुतीचा नाही. वस्तू ताणायला किती जोर लागतो ते ताठपणा सांगतो; ती तुटेपर्यंत किती ताण सोसते ते मजबुती. काच ताठ असते म्हणून ती चिवट होत नाही. ताठ, मजबूत, चिवट, कणखर हे शब्द मराठीत वेगवेगळे आहेत, माणसांबद्दल बोलताना आपण ते अचूक वापरतो. नॅनोनळीबद्दल लिहिताना मी मात्र चारही एकाच वाक्यात कोंबले होते.

दुसरा निबंध मजबुतीचाच आहे: २०००च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये आलेला, मिन-फेंग यू, रॉडनी रुऑफ आणि सहकाऱ्यांचा. इथे नळी खरोखरच दोन बारीक टोकांमध्ये चिकटवून, सूक्ष्मदर्शकाखाली, तुटेपर्यंत ओढली आहे. अशा एकोणीस नळ्या. मजबुती ११ ते ६३ गिगापास्कल.

नळ्या तुटल्या कशा, हे सांगताना लेखक म्हणतात: म्यानातून तलवार निघावी तशा. वैज्ञानिक लेखनातली उपमा बऱ्याचदा सजावटीची असते. ही तशी नाही, या उपमेत प्रयोगाचा सगळा अर्थ आहे. नळी अनेक थरांची, एकात एक. टोकाला चिकटवलेला असतो फक्त बाहेरचा थर. ओढल्यावर तोच ताण घेतो, तोच तुटतो, आणि आतले थर न तुटता सरकून बाहेर येतात. थराथरांतली पकड तेवढी ढिली आहे. म्हणून लेखकांनी जोर भागला तो फक्त बाहेरच्या थराच्या क्षेत्रफळाने. ते बरोबरच आहे, आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. पण तोच जोर अख्ख्या नळीच्या जाडीने भागला तर आकडा खूपच खाली येईल.

आता ‘शंभरपट’ कुठून आलं ते दिसतं. एकोणीस नळ्यांतली सगळ्यात मजबूत घ्यायची, छेद फक्त बाहेरच्या थराचा घ्यायचा, आणि तुलनेला पोलाद घ्यायचं बांधकामातलं साधं, ०.४-०.५ गिगापास्कलचं. पियानोच्या तारेचं पोलाद दोन-तीन गिगापास्कल सोसतं. ते घेतलं तर शंभराचे वीस-तीस होतात. वाक्य खोटं नाही, पण त्यातली प्रत्येक निवड एकाच बाजूला झुकलेली आहे, आणि झुकवणारा कुठेच दिसत नाही.

बारीक वस्तू मुळात मजबूत का असते, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१मध्येच काचेच्या तंतूंवरून दिलं होतं. वस्तू तुटते ती तिच्यातल्या भेगेपासून. तंतू जितका बारीक, तितकी मोठी भेग मावायला जागा कमी. पुढे सिलिकॉनच्या आणि इतर नॅनोतारांच्या मजबुतीचा अभ्यास करणाऱ्यांनाही पुन्हा पुन्हा याच विचाराकडे यावं लागलं. पण याची दुसरी बाजू अशी, की तंतू लांब केला, किंवा असे कोट्यवधी तंतू एकत्र आणले, की कुठेतरी दोष असणारच. एका नळीची कीर्ती दोराला वारशाने मिळत नाही. बाबांचा प्रश्न नेमका हाच होता.

त्या प्रश्नाला भिडणारा निबंध २००४चा, मेई झांग, केन अॅटकिन्सन आणि रे बॉघमन यांचा. शीर्षकातच ते म्हणतात की आम्ही एक प्राचीन तंत्रज्ञान लहान केलं आहे. मला या तिघांत सर्वांत आवडलेला मजकूर हा. झांग आणि बॉघमन टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेतले, आणि अॅटकिन्सन ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेच्या वस्त्रविभागातले. नॅनोविज्ञानाच्या निबंधावर सूतकताईतल्या माणसाचं नाव आहे.

इथे नळ्या ठिणगीच्या काजळीतून येत नाहीत. लोहाच्या पातळ थरावर कार्बनयुक्त वायू सोडून त्या उभ्या, दाटीने वाढवतात. त्या उभ्या पिकाला या क्षेत्रात ‘जंगल’ म्हणतात. त्याच्या कडेला चिमटीने ओढलं की एक नळी शेजारणीला घेऊन येते, ती पुढचीला. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या गटाने २००२मध्ये हे दाखवलं होतं, रेशमाच्या कोशातून धागा काढल्यासारखं. झांग यांनी ओढता ओढता त्याला पीळ दिला.

पिळाने काय होतं? ताण आला की पिळलेले तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं, आणि सुटे तुकडे असूनही धागा एकसंध वागतो. फार पीळ दिला तर तंतू आडवे पडतात आणि मजबुती उलट घटते. हे गणित कापसाच्या आणि लोकरीच्या सुतासाठी आधीच मांडलेलं होतं. निबंध ते उसनं घेतो आणि तसं सांगतो. आणि मग आकडे देतो: एकेरी धागा १५० ते ३०० मेगापास्कल, दुहेरी २५० ते ४६०.

मेगा, गिगा नव्हे. ६३ गिगापास्कलची नळी, आणि अशा नळ्यांचा धागा अर्ध्या गिगापास्कलच्याही आत. शंभरपट पोलाद सुतात उतरेपर्यंत साध्या पोलादाच्या बरोबरीला आलं. धागा पोलादापेक्षा कितीतरी हलका, त्यामुळे वजनाच्या हिशेबात तो अजूनही सरस. पण मी हा आकडा कुठल्याही मराठी लेखात वाचला नव्हता, आणि माझ्या लेखातही तो नव्हता.

पुढे सुधारणा झाली. २०१८मध्ये छिंगह्वाच्याच गटाने काही सेंटिमीटर लांबीच्या, जवळजवळ निर्दोष नळ्यांच्या जुड्या ८० गिगापास्कलच्या वर नेल्या. त्यासाठी त्यांना प्रत्येक नळीवर ताण सारखा येईल अशी युक्ती करावी लागली, कारण जुडीतली एक घट्ट आणि एक ढिली असेल तर घट्ट आधी तुटते, मग पुढची. म्हणजे अडचण नळीची उरली नव्हती, एकत्र येण्याची होती. आणि या जुड्याही मोजक्याच नळ्यांच्या आहेत.

आपल्या विज्ञानलेखनावर माझा आक्षेप अतिशयोक्तीचा नाही. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, तो वाचकाला कळतो. आक्षेप हा, की आपण निष्कर्ष उचलतो आणि मेहनत गाळतो. पुसट फोटो, म्यानातली तलवार, उसना पीळ हे सगळं सामान्य वाचकाला समजण्याजोगं होतं. ‘६३ गिगापास्कल’ मात्र त्याला समजणारच नव्हतं. समजण्यासारखं गाळून न समजणारं आम्ही ठेवलं, आणि त्याला सोपं लिहिणं म्हटलं. बाबांसारखा वाचक, ज्याने आयुष्यभर सूत तोडून पाहिलं, त्याला मी सांगायला हवी होती ती गोष्ट त्याच्याच धंद्यातली होती.

गेल्या महिन्यात मी त्यांना झांग यांचा निबंध मराठीत सांगत गेले. त्यांना आता वाचायला दिसत नाही. जंगलाच्या भागाला ते गप्प होते. पीळ आल्यावर मान वर केली.

“पीळ किती देतात?”

“मीटरला ऐंशी हजार.”

“इंचात सांग.”

मी फोनवर हिशेब केला. “दोन हजारांच्या वर.”

“आमच्या चाळीस काउंटाला पंचवीसच्या आसपास,” ते म्हणाले. थोडा वेळ बोटं एकमेकांवर घासत बसले, सूत तपासताना करायचे तशी. मग विचारलं, “आणि तुटतं कुठे? सांध्यात, की कुठेही?”

हे मी निबंधात पाहिलं नव्हतं. पुन्हा उघडून बघायला बसले.