फूल धरलेला माणूस

पांढरा सूट, टाय, वरच्या खिशात रुमाल आणि रुमालाला खेटून पेन. डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. एवढ्यावरच भागलं असतं तर हा तरुण एखाद्या कचेरीत नुकताच कायम झालेला कारकून वाटला असता आणि फोटो अर्जाला चिकटवण्याच्या कामाचा ठरला असता. पण त्याच्या हातात फूल आहे. लांबसडक बोटांत अगदी हलकेच धरलेलं, छोटंसं. ते तो हुंगत नाही, कुणाला देतही नाही. नुसतं धरून बसलाय.

सेदू केइतानं हा फोटो १९५८-५९च्या सुमारास बामाकोत काढला. तेव्हा तो मुलूख फ्रेंच सुदान म्हणून ओळखला जाई. १९६० साली स्वतंत्र झाला तो माली. सूट, टाय, चष्मा, पेन या साऱ्या गोष्टी फ्रेंचांच्या जगातून आलेल्या, आणि त्या आपापलं काम चोख करतात: गडी शिकलेला आहे, शहरातला आहे, चार लोकांत वावरणारा आहे. फूल यातलं काहीच सांगत नाही. फुलाला हुद्दा नाही, पगार नाही. मुघल लघुचित्रं पाहिलेल्या आपल्या डोळ्याला इथं चटकन शाहजहान आठवतो, बोटांत फूल धरून उभा असलेला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण ऐट तीच. मला घाई नाही आणि माझा हात रिकामा आहे, असं सांगणारी. बामाकोत ही ऐट फुकट मिळालेली नव्हती. फ्रेंचांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधली सक्तीची वेठ कायद्यानं बंद झाली ती १९४६ साली, म्हणजे या फोटोच्या जेमतेम बारा-तेरा वर्षं आधी. आपला हात कशाला लावायचा हे ज्याचं त्यानं ठरवणं अजून नवंच होतं. हे लक्षात ठेवून पाहिलं की फूल एकदम वजनदार होतं.

केइता मूळचा सुतार. काकानं आणून दिलेल्या लहानशा कोडॅक कॅमेऱ्यावर हात बसला आणि १९४८ साली त्यानं राहत्या घरीच स्टुडिओ थाटला. जागा मोक्याची, रेल्वे स्टेशनपासून जवळ. डाकारच्या गाडीनं ये-जा करणारं गिऱ्हाईक आपसूक दारात. फोटो बहुतेक अंगणात, दिवसाउजेडी. कॅमेरा १३ बाय १८ सेंटीमीटरच्या निगेटिव्हचा, आणि फिल्म महाग, म्हणून माणशी बहुधा एकच फोटो. आज एका जेवणाच्या ताटाचे वीस फोटो काढणाऱ्या आपल्याला या एकाची धास्ती कळायची नाही. बटण दाबण्याआधीच सगळं ठरवून मोकळं व्हायचं: हात कुठं, मान किती कलती, पदराचा घेर कसा पसरायचा. केइता माणसाला सहसा थोडं तिरकं बसवी. बायकांची बोटं आणि दागिने नीट दिसावेत याकडे त्याचं बारीक लक्ष असे. श्रीमंती आणि देखणेपण तिथं दिसतं, असं तो सांगे.

स्टुडिओत सामानही होतं. युरोपी सूट, टाय, हॅट, घड्याळं, पेनं, रेडिओ, स्कूटर, प्लास्टिकची फुलं. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. म्हणजे आपल्या फूलवाल्याचा सूट त्याचा स्वतःचा नसूही शकेल. मग फोटो खोटा झाला का? मला नाही तसं वाटत. उसना असला तरी तो त्यानं निवडलाय, आणि अंगावर बेतून शिवल्यासारखा वागवलाय. आपल्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओंतही रंगवलेल्या बागेचा पडदा आणि कुठंच न जोडलेला टेलिफोन असायचाच. स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी बहिणीचं घड्याळ हातात चढायचं. त्या मुलीला कुणी लबाड म्हणालं नाही.

केइताचा याहून बहारीचा फोटो १९५६-५७चा आहे. एक बाई चौकड्यांच्या पलंगपोसावर कुशीवर रेललीय. अंगावरचा कपडा नक्षीचा, पाठीमागचा पडदा वेलबुट्टीचा. तीन वेगवेगळ्या नक्ष्या एकमेकींवर आदळतायत. कुठल्याही कलाशाळेत असल्या रचनेला लाल शाईची रेघ मिळाली असती. पण इथं गंमत अशी होते की या गजबजाटात सपाट, नितळ म्हणून उरतो तो फक्त तिचा चेहरा आणि हात. नजर कुठूनही निघाली तरी फिरून तिथंच येते. कृष्णधवल असल्यामुळं तर हे अधिकच साधतं. रंग असते तर पडद्यानंच बाजी मारली असती. हे पडदे म्हणजे तरी काय, पहिला तर केइताच्याच घरातली झालरीची चादर होती. दर दोन-तीन वर्षांनी तो पडदा बदलायचा, आणि पुढं कुठला फोटो कधीचा हे त्याला पडद्यावरूनच सांगता आलं.

या बाईच्या फोटोला समीक्षक ‘ओदालिस्क’ म्हणतात, युरोपी चित्रांतल्या पहुडलेल्या बायकांवरून. मला हे नाव खटकतं. त्या चित्रांतली बाई पाहणाऱ्यासाठी मांडलेली असते, आणि पैसे देणारा चित्राबाहेर उभा असतो. इथं आपली छबी पलंगावरची बाई स्वतःच घरी घेऊन जाणार आहे. तुलना करायचीच तर ती एदमों फोर्तिये या फ्रेंच फोटोग्राफरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाकारहून विकलेल्या पोस्टकार्डांशी करावी. त्यांत पश्चिम आफ्रिकेतली माणसं जातजमातीचे नमुने म्हणून छापली जात आणि तिकीट लावून दूरदेशी जात. कार्डावरच्या माणसाला आपण कसे दिसतोय हे पाहायला मिळालं असेल तर नशीब. केइताकडून निघालेला फोटो गिऱ्हाइकाच्या घरी जाई किंवा नातेवाइकांना पाठवला जाई. पाहणारे बदलले की बसणाऱ्याची मानही वेगळी बसते, आणि ते या फोटोंत चक्क दिसतं.

स्वतः केइता यात कुठं असतो? त्याच्या गाडीच्या फोटोत सापडतो. गाडी त्याचीच, पण तिच्यापाशी कुणीही फोटो काढून घ्यावा. अशाच एका फोटोत बायकामुलं थाटात मिरवतायत आणि चकाकत्या मडगार्डवर, नीट निरखलं तर, कॅमेऱ्यामागच्या केइताचं चिमुकलं प्रतिबिंब आहे. तेवढीच त्याची हजेरी.

ही गैरहजेरी पुढं त्याला जरा जास्तच भोवली. १९६२च्या सुमारास सरकारनं त्याला आपला फोटोग्राफर केलं आणि स्टुडिओ बंद पडला. निगेटिव्ह मात्र त्यानं हजारोंनी जपून ठेवल्या होत्या. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचे फोटो लागले ते ‘अज्ञात फोटोग्राफर, बामाको’ म्हणून. मग आंद्रे मान्यां हा क्युरेटर त्याला शोधत बामाकोला गेला, आणि १९९४ साली पॅरिसच्या कार्तिये फाउंडेशननं त्याचं प्रदर्शन भरवलं. फोटोग्राफरला त्याचं नाव परत मिळालं. फोटोतली माणसं भिंतीवर अजून ‘शीर्षकविरहित’च आहेत.

त्या भिंतीवरच्या प्रतींबद्दल माझी एक कुरकुर आहे. हाताच्या पंजाएवढा फोटो तिथं माणसाच्या उंचीला भिडलाय, काळे-पांढरे रंग कडक झालेत. कापडाचा धागा न् धागा मोजता येतो हे खरं, पण जी वस्तू हातात धरून पाहायची, शेजारणीला दाखवायची, ती आता चार पावलं मागं सरकून पाहावी लागते. फूलवाल्यानं एवढं मोठं होण्याचे पैसे मोजले नव्हते. अर्थात खुद्द केइताला ही कुरकुर पटली नसती. मोठ्या प्रती पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तो हरखून गेला होता. डाग नाही, ओरखडा नाही, आपलं काम खरोखरच उत्तम होतं हे तेव्हा कळलं, असं त्यानंच सांगून ठेवलंय. काकानं दिलेल्या डबा-कॅमेऱ्यावर शिकलेल्या सुताराला हा आनंद नाकारणारा मी कोण!